कायदा होईपर्यंतचा नवरा

कम्पाला
१२ जून १९९४

ती. पर्पेचुआ वहिनी,

नमस्कार. येऊन महिना होत आला आणि पत्र आज लिहितोय, रागावू नका. शाळेत हेडमास्तर असताना मी बोलायचो आणि बाकीचे ऐकायचे. इथे पावणेतीनशे लोक बोलायला आलेत आणि ऐकायला कुणी नाही. संविधानाच्या मसुद्यातलं एकेक कलम घेतात आणि कापूस पिंजावा तसं पिंजतात. परवा एका स्वल्पविरामापायी दुपारचं जेवण चुकलं. फारसं दुःख झालं नाही, कारण जेवणात रोज उकडलेली केळीच असतात. नाचणी डोळ्यांना दिसत नाही. अगुतीला सांगा, तिचा नवरा वाळलाय. तिला बरं वाटेल.

कुटुंबाच्या कलमांवर जो गट बसतो, त्यात मी नाव दिलंय. का, ते तुम्हाला सांगायला नको. एदिमूदादाला जाऊन वर्ष झालं, पण अजूनही काही चांगलं घडलं की आधी त्याला सांगावंसं वाटतं. मी एक वाक्य तयार केलंय: ‘विधवेला तिच्या कुळाचे संरक्षण राहील.’ छोटं आहे, पण आपल्या लोकांचं सगळं शहाणपण त्यात आलंय असं मला वाटतं.

दादाच्या अपुन्याचा विधी ऑगस्टमध्ये ठरल्याचं कळलं. मला रजा मिळणार नाही. त्या दिवशी तुमचं सुतक संपेल आणि त्याच्या भावांपैकी कुणाला दादाच्या जागी नवरा मानता, असं कुळप्रमुख म्हणून ओसिकोल काका तुम्हाला विचारतील. एमुरिया आम्हा भावांत धाकटा असला तरी मनानं वाईट नाही. वडीलधारे ठरवतील ते भल्याचंच असेल. फार विचार करत बसू नका.

तुमचा,
सिल्व्हेस्टर एक्वारू


अपेदुरू
३ जुलै १९९४

भावजी,

पत्र मिळालं. बसवाल्यानं ते टोपीत ठेवलं होतं, त्यामुळे तुमच्या कम्पालाला घामाचा वास येतो.

तुमचं वाक्य मी तीनदा वाचलं. तिसरीच्या मुलांना शिकवून शिकवून लागलेली सवय आहे. शुद्धलेखनाची चूक नाही. एकच शंका आहे. संरक्षण कुणापासून?

माझ्या घरात चोर शिरलेला नाही. पूर्वेकडून गुरं पळवायला यायचे ते केव्हाच येऊन गेले, आता त्यांनी न्यावं असं उरलंय काय? या पावसात माझ्या दलदलीकाठच्या शेतात नांगर घातला तो एमुरियानं. मी बांधावर जाऊन म्हटलं, “अरे, मला भुईमूग लावायचाय तिथे.”

म्हणाला, “ऑगस्टनंतर सगळं माझंच आहे ना? मी जरा लवकर सुरुवात केली, एवढंच.”

‘सगळं’ म्हणताना त्यानं आधी शेताकडे पाहिलं, मग घराकडे, मग माझ्याकडे. ह्याच क्रमानं.

मी नको म्हटलं तर काय होईल? मला माहीत आहे. माहेरी जावं लागेल, आणि अमोडिंग नि ओलिंगा इथेच राहतील, कारण मुलं कुळाची. ‘बाई नको म्हणाली तर?’ असं तुमच्या पावणेतीनशेंत अजून कुणी विचारलंय का?

आणखी एक. ओसिकोल काकांनी चिंचेखाली सगळ्यांना त्यांना आलेलं तुमचं पत्र वाचून दाखवलं. ‘एमुरियाच्या नावाला माझी संमती आहे.’ अक्षर तुमचंच होतं. मला लिहिलेल्या पत्रातून तेवढी ओळ निसटली असावी.

पर्पेचुआ असेकेन्ये


कम्पाला
२४ जुलै १९९४

वहिनी,

ती ओळ निसटली नाही, मी लिहिली नाही. तुम्हाला लिहायला धीर झाला नाही.

पण माझीही बाजू ऐका. मी कुळाच्या मतांवर इथे आलो. काका चिंचेखाली बसून ‘सिल्व्हेस्टर’ म्हणाले आणि चार गावं माझ्या मागे उभी राहिली. आता मीच त्यांच्याविरुद्ध गेलो तर माझं तोंड कुणाला दाखवू?

इथे कबाहेंडाबाई म्हणून पश्चिमेकडच्या एक प्रतिनिधी आहेत. आवाज असा की मायक्रोफोन नसला तरी चालेल. माझं वाक्य ऐकून त्यांनी विचारलं, “साहेब, संरक्षण कुणापासून?” तुम्ही दोघी एकमेकींना ओळखता का? मी म्हटलं, आमच्याकडे विधवा उघड्यावर पडत नाही. त्या म्हणाल्या, “कशी पडेल? उघड्यावर पडायच्या आत तिला कुणाच्या तरी घरात ढकलतात.” सगळे हसले. मी खाली बसलो.

वहिनी, रीत एका माणसानं बदलत नाही. तुम्हाला एमुरिया नको असेल तर रीतीत बसेल असं काही शोधा. पण रीत मोडू नका, एवढं माझ्यासाठी करा.

सिल्व्हेस्टर


अपेदुरू
२९ ऑगस्ट १९९४

भावजी,

अपुन्या पार पडला. रीत मोडली नाही. तुम्ही सांगितलं होतं तसंच केलं.

माणसं खूप आली होती. नाचणी आंबवून केलेल्या अजोनचे चार माठ ठेवले होते आणि प्रत्येक माठाभोवती म्हातारे लांब नळ्या तोंडात धरून बसले होते. एमुरियानं नवा सदरा घातला होता. त्याची बायको मागे बसून रताळी सोलत होती. बिचारी मान वर करत नव्हती. ‘ह्यांची’ बसायची तिवई मधोमध ठेवली होती. ती मी ज्याला देईन, तो ह्यांच्या जागी.

काकांनी विचारलं, “सूनबाई, एदिमूची तिवई कुणाला?”

मी म्हटलं, “काका, भावांपैकी कुणालाही देता येते ना?”

“भावांपैकीच द्यायची असते.”

“दोन्ही भावांपैकी?”

काका वैतागले. “हो गं बाई, दोन्ही! आता उचल.”

मी तिवई उचलली आणि म्हटलं, “सिल्व्हेस्टरला.”

भावजी, माठातल्या नळ्यांचा गुडगुडाट थांबला. काका म्हणाले, “तो इथे नाही.” मी म्हटलं, “असला पाहिजे अशी रीत आहे का?” त्यांनी बाजूच्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणाला आठवेना. शेवटी सर्वांत म्हातारा एक जण म्हणाला की त्याच्या आत्यानं सैन्यात गेलेल्या दिराचं नाव घेतलं होतं, आणि ते चाललं होतं.

एमुरिया उठून निघून गेला. त्याचं वाईट वाटलं, खोटं नाही बोलत. पण दुसऱ्या दिवशी त्याचा नांगर माझ्या शेतात दिसला नाही. मोठ्या भावाच्या शेतात कोण नांगर घालेल?

भुईमूग उशिरा लावला. बघू काय येतो.

पर्पेचुआ


कम्पाला
९ सप्टेंबर १९९४

प्रिय वहिनी,

आता तुम्हाला वहिनी म्हणावं की नाही, तेच कळत नाही. पत्र गटाच्या बैठकीत उघडलं, तीच चूक झाली. शेजारच्यानं माझा चेहरा पाहून विचारलं, “कुणी गेलं का?” मी म्हटलं, “नाही, आलं.” मग सांगावं लागलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या भवनात पसरलं. कबाहेंडाबाई मला येताजाता “नवरदेव” म्हणतात.

थट्टा राहू द्या. तुम्ही माझ्यावर एवढा विश्वास टाकलात, त्यानं मी भारावून गेलो. मला कधी वाटलंच नव्हतं. दादा असताना तुम्ही माझ्याकडे तसं पाहत असाल असं म्हणायचं नाही मला. पण आता तुम्ही निवड केलीच आहे, तर मी जबाबदारी टाळणारा माणूस नाही. डिसेंबरच्या सुट्टीत येईन तेव्हा घराचं छप्पर नवं करून देईन आणि रीतीप्रमाणे जे असेल ते होईल.

मोठा प्रश्न अगुतीचा आहे. ती फार मनाला लावून घेईल. कृपा करून मी येईपर्यंत तिच्या कानावर जाऊ देऊ नका. मीच तिला समजावीन. मिशनमधल्या फादरना काय सांगायचं, ह्याचाही विचार चालू आहे.

तुमचा,
सिल्व्हेस्टर


अपेदुरू
२० सप्टेंबर १९९४

भावजी,

वहिनीच म्हणा.

तुमचं पत्र मी आणि अगुतीनं चुलीपाशी बसून वाचलं. ‘तसं पाहत असाल’ ह्या ओळीपाशी तिला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

तुमचं नाव घ्यायची कल्पना तिचीच. तुमचं जुलैतलं पत्र वाचून ती म्हणाली, “रीतीत बसेल असंच हवंय ना त्यांना? मग माझाच नवरा घे. वर्षभर ते इथे नाहीत, आणि असले तरी त्यांच्यापासून त्रास कसला?” अपुन्याच्या दिवशी सगळे दगडासारखे बसले होते तेव्हा पुढे येऊन माझ्या हातातली तिवई घेऊन स्वतःच्या घरी नेली ती तिनंच. कुणाला शंका आली नाही. बायकोच एवढी समजूतदार आहे म्हटल्यावर पुरुष काय बोलणार?

तुमच्यात पुष्कळ गुण आहेत, पण मी तुम्हाला निवडलं ते तुम्ही लांब आहात म्हणून. छपराची गरज आहे, ते जरूर करा. रीतीप्रमाणे बाकी जे असेल ते नको.

पर्पेचुआ

ता. क. माझ्या हातानं लिहितेय. फादरना मी सांगितलं. ते खूप हसले. वाळलात म्हणे, या, नाचणी तयार आहे. — अगुती


कम्पाला
१८ जून १९९५

वहिनी,

डिसेंबरनंतर हे पहिलंच पत्र. समोर बसून बोललो तेव्हा माझं अर्धं बोलणं राहून गेलं. अगुती आणि तुम्ही दोघी मिळून माझ्याकडे पाहायला लागलात की मला वाक्यं सुचत नाहीत. छप्पर गळत नसेल अशी आशा.

कुटुंबाचं कलम सभेपुढे आलं. मी माझं जुनं वाक्य मागे घेतलं आणि कबाहेंडाबाईंबरोबर नवं मांडलं: ‘विधवेला पतीच्या मालमत्तेत वारसा आणि मुलांवर हक्क असेल.’ बोलायला उठलो. म्हटलं, “सभापती महोदय, माझ्या नावावर दोन बायका आहेत. दुसरीच्या अंगणात मी छप्पर शाकारण्यापुरता गेलो आहे.” हशा झाला. तो थांबेपर्यंत थांबलो आणि मग तुम्ही काय केलंत ते सांगितलं. नाव घेतलं नाही. म्हटलं, “एका शिक्षित बाईला स्वतःच्या घरात राहायला असा डाव खेळावा लागला. ही हुशारी सगळ्यांना कुठून आणायची? जिला लांबचा दीर नाही तिनं काय करायचं?”

ह्या वेळी कुणी हसलं नाही.

पण एक वृद्ध प्रतिनिधी उठले. वाईट माणूस नाही, मला रोज स्वतःजवळचे भाजलेले शेंगदाणे देतात. ते म्हणाले, “लेकरा, तुझं खरं आहे. पण हे आज लिहिलंस तर आमच्याकडे उद्या भावाभावांत भाले निघतील. गावाला थोडा वेळ दे.” मग वाटाघाटी सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी जे ठरलं ते असं: विधवा आणि विधुर यांचे वारशाचे व मुलांवरचे हक्क राखण्यासाठी संसद योग्य ते कायदे करील.

‘असेल’ मागितलं होतं, ‘करील’ मिळालं. कबाहेंडाबाई म्हणाल्या, “नवरदेव, हेही काल नव्हतं.” मला मात्र जेवण गेलं नाही.

सिल्व्हेस्टर


अपेदुरू
७ जुलै १९९५

भावजी,

रेडिओवर ऐकलं होतं. पत्र नंतर आलं.

ओसिकोल काका मुद्दाम घरी आले. अंगणातच बसले आणि म्हणाले, “तुझा नवरा हरला म्हणे.” मी म्हटलं, “हरला नाही काका, लांबणीवर पडलंय.” ते म्हणाले, “मग आता माझं ऐक. जो नवरा वर्षभर घरात पाऊल टाकत नाही तो नवरा नव्हे. सुगी झाली की जानेवारीत कुळाची बैठक आहे. तिथे एमुरियाचं नाव पुन्हा निघेल. आणि सिल्व्हेस्टरला कळव, कुळाची बेअब्रू राजधानीत नेऊन सांगणाऱ्याला पुढच्या निवडणुकीत चिंचेखालून एक मत पडायचं नाही.”

काकांचा राग खरा आहे, वरवरचा नाही. त्यांना वाटतं, त्यांनी आयुष्यभर ज्याची राखण केली त्याला तुम्ही परक्यांपुढे हसलात.

मला भीती वाटते, भावजी. आजवर लिहिलं नव्हतं. अमोडिंग बारा वर्षांची होईल. रोज संध्याकाळी विचारते, “आई, आपण इथेच राहणार ना?” मी ‘हो’ म्हणते आणि भांडी घासायला घेते.

तुम्ही बोललात ते चांगलं केलंत. जेवत जा.

पर्पेचुआ


मुक्काम लिरा
२८ डिसेंबर १९९५

वहिनी,

ऑक्टोबरात संविधान जाहीर झालं ते तुम्ही ऐकलंच. छापील पुस्तिका सोबत पाठवतोय. कलमापाशी कागदाचा तुकडा ठेवलाय. आम्हा काही जणांना गावोगाव फिरून लोकांना ते समजावून सांगायला पाठवलंय, म्हणून नाताळही इथेच गेला. रोज नव्या चिंचेखाली उभा राहतो आणि आपल्या चिंचेखाली मात्र ऐन वेळी पोचू शकत नाही, ह्याची लाज वाटते.

मी काकांना लिहू का, की माझी जुनी संमती मागे घेतली? की दौरा सोडून येऊ? आलो तर भांडण होईल आणि कदाचित ते माझ्याच बाजूनं संपणार नाही. तरी तुम्ही म्हणाल तर येतो. मतांचं काय व्हायचं ते होवो.

सिल्व्हेस्टर


अपेदुरू
२१ जानेवारी १९९६

भावजी,

तुमचं पत्र वेळेवर आलं. ‘या’ असं मी कळवलं नाही. तुम्ही आला असतात तर बैठक तुमच्याविषयी झाली असती.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळे चिंचेखाली जमले. काकांनी माझं नाव काढल्यावर मी पुस्तिका घेऊन उभी राहिले. अगुती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी कलम वाचलं आणि आपल्या भाषेत सांगितलं.

काका म्हणाले, “पुन्हा सांग. संसद काय करणार?”

“कायदे करील.”

“करील. म्हणजे अजून केलेले नाहीत.”

“नाहीत.”

“मग बस खाली.”

मी बसले नाही. म्हटलं, “काका, त्यांना पावणेतीनशे जणांना एवढं जमायला सव्वा वर्ष लागलं. संसदेला आणखी किती लागेल देव जाणे. आपण इथे वीस-बावीस माणसं आहोत. आपल्याला संध्याकाळपर्यंत जमेल.”

“काय जमेल?”

“एक वाक्य. आपल्या कुळापुरतं.”

एक-दोघे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी नळी बाजूला ठेवली. मग म्हणाले, “तू कुळाला मोडायला निघालीस असं मला वाटत होतं. तू तर कुळाला काम लावतेस.” आणि म्हणाले, “सांग तुझं वाक्य.”

भावजी, तुम्ही स्वल्पविरामावरून जेवण चुकल्याचं लिहिलं होतं ना, ते मला त्या दिवशी पटलं. मी म्हटलं, ‘विधवा आपल्या घरात राहील.’ लगेच एकानं विचारलं, “किती दिवस?” दुसरा म्हणाला, “आणि तिनं बाहेरचा पुरुष आणून बसवला तर?” अगुती म्हणाली, “तुम्ही आणता तेव्हा कोण विचारतं?” त्यावर असा गलका झाला की कोंबड्या उडाल्या. एमुरिया एका बाजूला बसला होता. शेवटी तोच बोलला: “तुमचं वाक्य होईल. माझं काय? मला दोन पट्ट्या जमीन आहे आणि तीन मुलं आहेत. दादा असता तर त्यानं मला उपाशी ठेवलं नसतं.”

ह्या दोन वर्षांत त्याला काय हवंय हे कुणी त्याला विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. मी म्हटलं, “बैल तुझे आहेत, शेत माझं आहे. माझी नांगरट तू कर, दलदलीकाठचा अर्धा तुकडा तू पेर. दर वर्षी बोलून ठरवू.” त्यानं मान डोलावली.

उन्हं कलली तेव्हा वाक्य झालं. मीच वहीत लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं: ‘ह्या कुळातली विधवा आपल्या घरात, आपल्या शेतावर, आपल्या मुलांसह राहील. तिला कुणाला निवडायचं असेल तर निवडील, नसेल तर नाही. तिनं कुळाबाहेर लग्न केलं तर जमीन मुलांची राहील.’ शेवटचा भाग काकांचा. त्यावर ते हटले नाहीत. तुम्हाला तो आवडणार नाही, मलाही पूर्ण आवडला नाही. मी थोडा विचार केला आणि मान्य केला, कारण मुलं माझ्याजवळ राहणार होती. कबाहेंडाबाईंना विचारा, त्या काय म्हणतात.

त्या वाक्याप्रमाणे मी तुम्हाला मोकळं केलंय. तिवई अगुतीनं परत आणून दिली. आता तिच्यावर ओलिंगा बसतो.

काकांनी मतांबद्दल काही म्हटलं नाही. पण जाताना विचारलं, “तो उभा राहणार आहे का?” तुम्ही उभे राहा, भावजी. आमचं वाक्य ह्या चिंचेपासून ओढ्यापर्यंतच चालतं. ओढ्यापलीकडे माझ्या वर्गातल्या दोन मुलींच्या विधवा आया आहेत. त्यांच्यासाठी कुणीतरी ‘करील’चं ‘केलं’ करायला हवं.

काल सकाळी अंगण झाडत होते. एमुरिया बैल घेऊन आला. कुंपणाशी थांबला, आत आला नाही. दोन वर्षं तो मला नावानं हाक मारत होता, अधिकार असल्यासारखा.

“वहिनी,” तो म्हणाला, “कुठून सुरुवात करू?”

मी झाडू खाली ठेवला आणि त्याला शेत दाखवायला निघाले.

तुमची वहिनी,
पर्पेचुआ